हाकेच्या पल्याड

सासूनं बुटांचा जोड चिमट्यात धरला आणि मेलेली घूस टाकावी तसा अंगणात भिरकावला.

"चुलीपाशी! दुधाच्या पातेल्याशेजारी! लाज सगळी विकून खाल्लीस, का चवीपुरती ठेवलीयस?"

सून गोठ्यातून आली. हात कोपरापर्यंत शेणानं माखलेले. कपाळावरची बट मनगटानं मागं सारत म्हणाली, "ओले होते आई. वाळायला ठेवलेले."

"ओले कशानं? पाऊस तर पंधरा दिवस नाही."

"दवानं."

"दवातनं पळतो तो चोर, नाहीतर ज्याच्या मागं कुत्रं लागलंय तो. तुझ्या मागं काय लागलंय गं? खायला आहे, ल्यायला आहे, नवरा हात उचलत नाही, पोरगी गुणाची आहे. सांग की एकदा, काय लागलंय मागं?"

सुनेनं बूट उचलले, एकमेकांवर आपटून माती झाडली. उत्तर तेवढ्यात आतल्या खोलीतून आपल्या पायांनी आलं.

"अगं ए! माझा पट्टा कुठाय?"

पट्टा कालच्या विजारीत होता, विजार खुंटीवर होती, आणि खुंटी नवऱ्याच्या नाकापासून वीतभर होती.

"ओ! आले!" म्हणाली आणि गेली.

घर उतारावर. वर गोठा, खाली बटाट्याची वावरं, मधे घर, आणि या सगळ्याच्या मधोमध ही. कुठूनही तोंड उघडलं की हिच्यापर्यंत पोचतं. आपण म्हणतो ना, अमकं गाव हाकेच्या अंतरावर आहे, तसं या बाईचं अख्खं आयुष्यच हाकेच्या अंतरावर होतं. मीठ कुठाय? मिठाच्या बरणीत. दोरी कुठाय? दोरीच्या खिळ्याला. गाईचं औषध कुठाय? तुमच्या हातात. असं सकाळपासून दिवेलागणीपर्यंत. त्या घरातल्या माणसांना देवानं डोळे दिले होते, पण ते वापरायचं काम सुनेकडं लावलं होतं.

लेक पहिलीत होती. शाळेच्या बाईंनी सांगितलं, घरातली कुठलीही एक गोष्ट दिवसभर मोजून आणा. कुणी कोंबड्या मोजल्या, कुणी खिडक्या. हिच्या लेकीनं आईला पडलेल्या हाका मोजल्या. एक हाक की एक बटाटा टोपलीत. दुपारच्याला टोपली भरली. दुसरी टोपली आणायला पोरगी उठली आणि आपणच ओरडली, "आई गं, दुसरी टोपली कुठाय?" मग स्वतःच जीभ चावून पहिल्या टोपलीवर एक बटाटा आणखी ठेवला. एकसष्ट झाले. बाईंनी वहीत लिहिलं, 'छान. पण हाक ही वस्तू नाही.'

शाळेच्या बाईंचं लग्न व्हायचं होतं.

आता पळण्याचं खूळ शिरलं कसं, ते सांगायला पाहिजे. तीन वर्षांपूर्वी कालवड सुटली. दाव्याला हिसडा देऊन जी निघाली ती वरच्या अंगाला. नवरा चार ढांगा धावला, कंबर धरून बसला आणि म्हणाला, "अगं ए, कालवड!" झालं, त्याचं काम संपलं. ही हातातली परडी टाकून मागं लागली. पायात घरातल्या चपला, त्याही पहिल्या टेकडीवर तुटल्या. अनवाणी दुसरी टेकडी चढली. कालवड पुढं, ही मागं. मागून हाका येत होत्या, "कुठवर गेलीस? येताना विळा घेऊन ये!" तिसरी टेकडी ओलांडली आणि एकदम कान वाजल्यासारखं झालं. ती थांबली. काय झालं ते आधी कळेनाच. मग कळलं, काही होत नव्हतं. कुणी काही म्हणत नव्हतं. गवतावरून वारा जात होता तेवढाच.

कालवड पलीकडं उभी राहून निवांत चरत होती. हात लांब केला तर दावं धरता आलं असतं.

सुनेनं मागं बघितलं. पुढं बघितलं. मग वाकून एक ढेकूळ उचललं आणि कालवडीच्या ढुंगणावर नेम धरून मारलं. कालवड पुन्हा उधळली, आणि ही पुन्हा मागं.

हे तिनं आजवर कुणाला सांगितलं नाही. तीन कोस पळून, पाय रक्तबंबाळ करून कालवड घेऊन घरी आली तेव्हा सासूनंसुद्धा पाठीवरून हात फिरवला. "जीव टाकते हो जनावरावर," असं चार जणींना सांगितलं. त्यानंतर त्या गरीब कालवडीचं दावं दोन महिन्यांत पाच वेळा सुटलं. नवरा म्हणाला, गाठच नीट बसत नाही. गाठी सगळ्या घरात एकच माणूस बांधत होतं.

पुढं कालवडीची गाय झाली, पोटानं जड झाली, पळेना. तेव्हा हिनं गाईशिवायच पळायला सुरुवात केली, आणि गावाला चघळायला विषय मिळाला. डेअरीच्या रांगेत, गिरणीत, न्हाव्याच्या खुर्चीत तोच. दूधगाडीवाल्यानं तिचं नाव सांडणी पाडलं. "निघाली बघा सांडणी, कुणाचा खलिता घेऊन चाललीय!" गावातल्या पुरुषांचं गणित सोपं होतं. बाई पाण्याला दोन कोस चालली तर संसारी, आणि रिकाम्या हातानं दोन कोस पळाली तर बिघडलेली. हातात घागर नसली की बाईच्या पायांचा भरवसा वाटत नाही या लोकांना.

डोंगरापलीकडच्या शहरातले हौशी लोक दर उन्हाळ्यात डोंगरातनं शर्यत लावतात. ऐंशी किलोमीटर, म्हणजे पंचवीस कोस. पहाटे पाचला सुटायचं, संध्याकाळी सातच्या आत पोचायचं. मधे तीन थांबे. प्रत्येक थांब्याची वेळ ठरलेली, तिथून वेळेत निघालं नाही तर नाव कापतात. नवऱ्याला कळलं तेव्हा तो म्हणाला, "बायकांसाठी पाच कोसांची पण आहे म्हणं. ती पळ की. जेवायच्या वेळेला घरी."

"ती पुरत नाही," ती म्हणाली.

"कशाला पुरत नाही?"

आता याला काय सांगायचं? तिनं डोंगर हाकेनं मोजले होते. घसा फोडून मारलेली हाक दोन टेकड्या जाते. फोन चार टेकड्यांवर तुटतो. मोटरसायकल रस्ता संपेपर्यंत येते. त्याच्या पल्याड जायचं तर पाच कोस म्हणजे परसदार.

मागच्या वर्षी ती गेली होती. बासष्ट किलोमीटरवर, तिसऱ्या थांब्याला, दगडी पुलापाशी नवरा मोटरसायकल घेऊन उभा. "अगं ए, गाय अडलीय! ती मोठी दोरी कुठाय?" ही म्हणाली, "ओ, खिळ्याला." तो म्हणाला, "कुठल्या खिळ्याला?" हाकेचं असं असतं, एकदा ओ दिली की ती पिल्लं घालते. कुठला खिळा, कुठली भिंत, गरम पाणी कशात करू, तूच चल ना. बसली मागच्या सीटवर. घरी पोचली तर गाय व्यालेली, वासरू उभं राहून दूध पीत होतं. दोरी कुणाला लागलीच नव्हती. शर्यतवाल्यांच्या यादीत हिच्या नावापुढं लिहिलं होतं, 'सोडली.'

गावाला तर जत्रा पावली. तेव्हा सासूनं चार लोकांसमोर शब्द टाकला होता. "पुढच्या साली अजून एकदा जा. पुरी झाली तर मी बुटांना हात लावणार नाही. नाही झाली तर दोन्ही बूट चुलीत, आणि पुन्हा त्या डोंगराचं नाव काढायचं नाही."

ते पुढचं साल म्हणजे हे. आता आठ दिवस उरले होते.

ते आठ दिवस सुनेनं पळायचा सराव केला नाही. खिळे मारले. दारामागच्या भिंतीवर ओळीनं पंधरा खिळे. दोरी, विळा, कात्री, गाईच्या औषधाची पिशवी, बियाण्याच्या खोलीची किल्ली, सगळं नजरेसमोर टांगलं. नवऱ्याला वाचता येत होतं म्हणून प्रत्येकाखाली खडूनं नाव लिहिलं. सासूला येत नव्हतं म्हणून चित्र काढलं. लेकीनं चित्रं रंगवली. नवरा येऊन बघून गेला, मान डोलावली, आणि शेवटच्या खिळ्यावर आपली टोपी अडकवली.

शर्यतीच्या पहाटे ती उठली तेव्हा पोरगी झोपेतच होती. तिच्या केसांतून हात फिरवून, उशाला एक बटाटा ठेवून ती निघाली. आज मोजायचं नाही अशी ती दोघींतली खूण होती.

शर्यतीच्या आधी एक फॉर्म भरून घेतात. शहरातली एक पाहणीवाली बाई आली होती. बायका इतक्या लांबवर का पळतात, याचा अभ्यास करत होती. 'आपली प्रेरणा काय?' आणि खाली चौकोन. आरोग्य. वजन. आत्मविश्वास. निसर्ग. नव्या ओळखी. ज्याला खूण करायची त्याला करा. सुनेनं सगळे चौकोन वाचले. वजन म्हणे! दिवसाला तीस पाट्या बटाटे वाहणाऱ्या बाईला वजन विचारतात. "पळून आल्यावर भरते," म्हणाली.

सात-आठ कोसांवर एक नर्सबाई बरोबरीला आली. शहरातली, चाळिशीची, पायाला चिकटपट्ट्या. चढावर दोघी चालायला लागल्या तेव्हा बोलणं निघालं.

"तुम्ही कशाला पळता ताई?" सुनेनं विचारलं.

"फॉर्मवर लिहिलंय, आरोग्य."

"आणि खरं?"

नर्सबाई हसली. "वॉर्डात बावीस खाटा. खाटेला एक घंटी. बारा वर्षं. घरी कुकरनं शिट्टी मारली तरी मी म्हणते, आले हं आजोबा!"

"मग तसं लिहायचं की."

"त्याला चौकोन कुठाय?"

दोघी हसल्या, हसताना दम लागला, पुन्हा हसल्या.

"मी आधी पाच कोसांची पळाले होते," नर्सबाई म्हणाली. "पदक गळ्यात घालून घरी गेले, तर सगळे दारात. मला वाटलं कौतुकाला उभे आहेत. म्हणतात, आलीस का, बरं झालं, जेवायला काय?"

"पाच कोस पुरत नाहीत," सून म्हणाली.

"नाहीच पुरत."

दुसऱ्या थांब्यानंतर नर्सबाईचा गुडघा बोलायला लागला आणि ती मागं पडली. "जा तू," म्हणाली, "माझ्या वाटच्या दोन टेकड्या जास्त जा." मग ऊन वर आलं. मुरमाड वाट, पायाखाली खडे, मानेवर मीठ साचलेलं. मांडीत गोळे यायला लागले. पण डोक्यात मात्र झाडून काढलेल्या खळ्यासारखं मोकळं. नऊ तासांत तिला कुणी काही विचारलं नव्हतं. मीठ कुठाय हे जगात कुणालाही ठाऊक नव्हतं, आणि जग चाललं होतं.

तीन वाजून बावीस मिनिटांनी ती तिसऱ्या थांब्याला दगडी पुलापाशी पोचली. साडेतीनला नावं कापणार होते. दूधगाडीवाला गाडी लावून तमाशा बघायला उभाच होता.

"वहिनी, आलात की! मी तर गावात सांगून आलो, दुसऱ्या थांब्यावरच बसणार म्हणून."

"जाऊन सांगा आता, बसले नाही." तिनं बूट काढून खडे झाडले, मोजे बदलले. खिशातून उकडलेला बटाटा काढला, मीठ लावलं. तीन सव्वीस. उठायला गेली तर मांडी दगड. पुलाचा कठडा धरून उभी राहिली.

आणि रस्त्यावर मोटरसायकलचा आवाज आला.

पाठमोरी असूनही तिला कळलं. त्या सायलेन्सरचा खोकला ती चार टेकड्यांवरून ओळखायची.

"अगं ए!"

तिचे ओठ आपोआप गोल झाले. दहा वर्षांची सवय, घशापासून जिभेपर्यंत रस्ता गुळगुळीत झालेला. ओ छातीतून निघाली, गळ्यात आली, दातांपर्यंत आली. तिनं हातातला बटाटा अख्खा तोंडात कोंबला.

"अगं ए, ट्रक आलाय बियाणं न्यायला! खोलीची किल्ली कुठाय? अर्धा तास शोधतोय! आई म्हणते तूच नेलीस!"

तिनं वळून बघितलं. नवरा गाडीवर बसून होता, घामाघूम, खरंच वैतागलेला, बिचारा. डोक्यावर टोपी होती. शेवटच्या खिळ्यावरची. त्याच खिळ्याला, त्याच टोपीखाली किल्ली होती. टोपी उचलताना त्याच्या बोटांना तिचा गारवासुद्धा लागला असेल. बोटांनी डोळ्यांना सांगितलं नाही, डोळ्यांनी डोक्याला विचारलं नाही. खाली खडूनं 'किल्ली' लिहिलेलं, शेजारी लेकीनं रंगवलेली पिवळी किल्ली. एवढं सगळं बाजूला सारून हा माणूस पाच कोस गाडी हाणत आला होता विचारायला.

तोंडात बटाटा नसता तर ती हसली असती. हसली असती तर बोलली असती. बोलली असती तर गाडीवर बसली असती.

"वहिनी, मालक हाक मारतायत!" दूधगाडीवाला म्हणाला, जणू ती बहिरी होती.

तिनं नवऱ्याकडं बघून बोटानं स्वतःच्या डोक्याकडं दाखवलं. दोनदा. मग वळली आणि लंगडत, मग चालत, मग पळत पुलावरून पलीकडं गेली. घड्याळवाल्यानं तिच्या नंबरापुढं लिहिलं, तीन एकोणतीस.

"काय म्हणाली?" मागून नवऱ्याचा आवाज आला.

"डोकं फिरलंय म्हणाली," दूधगाडीवाला म्हणाला.

"कुणाचं?"

त्याचं उत्तर तिला ऐकू आलं नाही. रस्ता संपला होता, पायवाट सुरू झाली होती. बटाटा सावकाश चावून गिळला. आयुष्यात इतका चवदार बटाटा तिनं खाल्ला नव्हता, आणि बटाट्यातच जन्म गेला होता.

सहा एकोणपन्नासला ती पोचली. वरच्या कड्यावर अजून ऊन होतं. कुणीतरी गळ्यात पदक घातलं, कुणीतरी पाणी दिलं. पाहणीवाली बाई फळी घेऊन शेजारी बसली.

"ताई, तुमचा फॉर्म राहिलाय. प्रेरणा?"

सुनेच्या अंगात खोटं बोलण्याइतकं त्राण उरलं नव्हतं. शेवटच्या ओळीत 'इतर' असा एक चौकोन होता. तिथं तिनं एकच शब्द लिहिला. 'हाक.'

पाहणीवालीचे डोळे चमकले. "आतली हाक! वा! किती सुंदर!"

सून काही सांगणार, तोवर ती फोटो काढून पुढच्या बाईकडं गेलीसुद्धा.

आठव्या दिवशी सकाळी दूधगाडीवाला वर्तमानपत्र घेऊन अंगणात आला. आता तो सांडणी म्हणत नव्हता. "आमच्या वहिनी" म्हणत होता. वर फोटो, खाली मोठ्या अक्षरात: 'अंतर्मनाची हाक ऐकून ती धावली!' नवऱ्यानं उभ्या उभ्या वाचून दाखवलं, प्रत्येक ओळीला छाती बोटभर फुगत गेली. 'कुटुंबाच्या भक्कम पाठिंब्यामुळंच' हे वाक्य त्यानं दोनदा वाचलं. "मी गेलो होतो ना पुलापर्यंत, धीर द्यायला," दूधगाडीवाल्याला म्हणाला. दूधगाडीवाला त्या पुलावर स्वतः हजर होता, तरी त्यानं मान डोलावली. पुरुषाला पुरुषाचा आधार.

सासू ओसरीवर बटाट्यांचे कोंब मोडत बसली होती. तिनं नाकातून फुंकर टाकली.

"आतली हाक म्हणे! हिच्या आत हाक शिरायला जागा कुठं होती? बाहेरच्याच मारून मारून आम्ही..." एक कोंब मोडायचा तो तीनदा मोडला.

सून पायरीवर बसून नाड्या बांधत होती. बूट चुलीपाशी वाळले होते. रात्री तिनं ठेवले तिथून कुणीतरी हातभर लांब सरकवले होते, दुधापासून. पण बाहेर फेकले नव्हते. शब्द म्हणजे शब्द.

"हे कापून भिंतीला लावू," नवरा आत जात म्हणाला. आणि आतून, "अगं ए! कात्री कुठाय?"

कात्री तिसऱ्या खिळ्याला होती. खाली नाव, शेजारी चित्र.

सुनेनं उजवी नाडी ओढून गाठ मारली. ओ दिली नाही. डावी ओढली. अंगणात सगळे तिच्याकडं बघत होते, सासूसुद्धा. ऐकून न ऐकल्यासारखं करणं नवं होतं तिला, बूट नवे असताना लागतात तसं लागत होतं. पण बसत होतं.

आत क्षणभर शांतता. माणसाला डोळे आहेत हे आठवायला एवढा वेळ पुरतो. तिनं वाट पाहिली.

मग नवऱ्यानं दुसरी हाक मारली. आवाज तोच, चाल तीच. फक्त नाव बदललं.

"अगं ए, छोटे! कात्री कुठाय गं?"

पायरीवर शेजारी बसलेल्या लेकीनं मान वर केली. बटाट्याएवढं तोंड, त्यात इवलेसे ओठ गोल झाले.

ओ बाहेर पडायच्या आत आईनं तिच्या तोंडावर हळूच हात ठेवला.

"चपला घाल," ती म्हणाली. "तिसऱ्या टेकडीपर्यंत जाऊ."